‘बरा झालास की ये’: डायलिसिस चालू असताना नोकरी कशी टिकते

माझा धाकटा भाऊ सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात जॉबर होता. जॉबर म्हणजे बिघडलेला माग चालू करून देणारा माणूस. दोन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि डायलिसिस सुरू झालं. त्यानं मालकाला काही लपवलं नाही. मालकही वाईट नव्हता. पाच हजार रुपये हातावर ठेवले आणि म्हणाला, ‘काळजी करू नको, बरा झालास की ये.’

नोकरी गेली ती त्या वाक्यात. मालकाच्या डोक्यात डायलिसिस म्हणजे सलाईनसारखं काहीतरी होतं. महिनाभर लावायचं, मग माणूस उठून कामाला. खरं सांगायचं तर आमच्याही डोक्यात तेच होतं. किडनी कायमची गेली असेल तर डायलिसिस संपत नाही, ते आठवड्याला लागून राहतं, हे आम्हाला कळायला दोन महिने गेले. तोवर त्याच्या जागी दुसरा जॉबर आला होता.

मी स्वतः दुसऱ्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला आहे. मस्टर लिहिणं, पगारपत्रक, पीएफ आणि ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, हे माझं रोजचं काम. त्यामुळे हा विषय मला दोन्ही बाजूंनी दिसतो: पलंगाशेजारच्या खुर्चीतून आणि हजेरीच्या रजिस्टरातूनही. इथं जे लिहिते आहे ते त्या दोन्ही जागांवरून.

आधी मशीन काय करतं ते. धडधाकट माणसाच्या किडन्या दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. त्यातलं बहुतेक सगळं शरीर परत घेतं, दीड-दोन लिटर लघवी होऊन जातं. हे काम रात्रंदिवस, आठवड्याचे १६८ तास चालतं. डायलिसिसच्या मशीनला तेच काम दर वेळी ४ तास आणि आठवड्यातून ३ वेळा, म्हणजे १२ तासांत उरकायचं असतं. पुढची सगळी दुखणी याच हिशेबातून निघतात.

मशीनला एक फूटभर लांबीची नळकांडी लावलेली असते, तिला डायलायझर म्हणतात. तिच्यात केसासारख्या बारीक, आतून पोकळ अशा हजारो तंतूंची लड असते. सुताच्या धंद्यातल्या माणसाला ती बघताक्षणी कळते. तंतूंच्या आतून रक्त वाहतं, बाहेरून औषधी पाणी उलट्या दिशेनं. तंतूंच्या भिंतीला इतकी बारीक भोकं असतात की रक्तपेशी आतच राहतात, पण युरिया, पोटॅशियम वगैरे नको असलेलं बाहेरच्या पाण्यात उतरतं. हे पाणी मिनिटाला अर्धा लिटर या वेगानं जातं, म्हणजे ४ तासांत १२० लिटर. तेही आरओपेक्षा कमी शुद्ध चालत नाही. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येण्याची सवय असलेल्या सोलापूरकराला हा आकडा पहिल्यांदा ऐकून धक्काच बसतो. मला बसला होता.

मशीन रक्त साफ करतं तसंच अंगात साठलेलं पाणीही ओढून काढतं. आणि कामावर जाता येईल की नाही, ते माझ्या अनुभवात सर्वांत जास्त या पाण्यावर ठरतं.

लघवी कमी होत होत बंद झाली की प्यालेलं पाणी अंगातच राहतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, इतका सरळ हिशेब. म्हणून सेंटरवर पोचल्यावर पहिलं काम वजनकाट्यावर उभं राहणं. अंगात जादा पाणी नसतानाचं वजन डॉक्टरांनी ठरवून दिलेलं असतं. सगळे त्याला ‘ड्राय वेट’च म्हणतात. भावाचं ६० किलो आहे. सोमवारी सकाळी काटा ६२ दाखवत असेल तर दोन लिटर काढायचे.

पण किती वेगानं काढायचं याला मर्यादा आहे. ताशी, दर किलो वजनामागे साधारण १३ मिलिलिटरच्या वर जाऊ नये असं मानतात. ६० किलोच्या माणसाला ते ताशी ७८० मिली होतं, ४ तासांत जेमतेम ३ लिटर. याच्या वर ओढलं की बीपी खाली येतं, पायात गोळे येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. सुरुवातीच्या उन्हाळ्यात भाऊ एकदा पावणेचार किलो वाढवून गेला. चार तासांनी त्याला दोघांनी धरून रिक्षात बसवलं. तो दिवस गेलाच, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. उलट दीड किलोच वाढलं असेल तर तोच माणूस अकराला चहा घेऊन बाराला कामावर असतो. मशीन तेच, सिस्टर त्याच.

मग पाणी कमी कसं प्यायचं? सोलापूरच्या उन्हाळ्यात, पारा ४३-४४ला टेकलेला असताना ‘पाणी कमी प्या’ म्हणणाऱ्याचा राग येतो. पण पाण्याच्या मागे मीठ असतं, आणि ते एकदा समजलं की मार्ग सापडतो. सलाईनच्या एक लिटरच्या बाटलीत ९ ग्रॅम मीठ असतं. रक्तातल्या खारटपणाचा मेळ साधारण तोच. म्हणजे तुम्ही ९ ग्रॅम मीठ जादा खाल्लंत की शरीर एक लिटर पाणी मागणारच, तुमचा निश्चय कितीही पक्का असो. तहान जिभेवर दिसते, पण सुरू होते ती ताटातून. लोणचं, पापड, खारे शेंगदाणे, फरसाण, हॉटेलातली आमटी हे बंद केलं तेव्हा भावाचं पाणी आपोआप अर्ध्यावर आलं. शेंगाचटणीवर सर्वांत जास्त भांडण झालं. तिच्यात मीठ तर आहेच, शिवाय शेंगदाण्यात पोटॅशियम आणि फॉस्फरस दोन्ही. आता महिन्यातून एकदा चमचाभर मिळते, तीही मी घरी बिनमिठाची कुटते.

इथं एक सावधगिरी. बाजारात ‘कमी सोडियमचं’ मीठ मिळतं. बीपीवाल्या घरात ते चांगलं म्हणून आणतात. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. डायलिसिसच्या पेशंटला ते विषासमान आहे.

पोटॅशियमचा धोका कामाच्या ठिकाणी जास्त, कारण तो मायेनं येतो. उन्हात थकलेला सहकारी दिसला की लोक शहाळं आणून देतात, डाळिंबाचा रस देतात, नाहीतर ओआरएसचं पाकीट फोडतात. तिन्हींत पोटॅशियम आहे. रक्तात ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, थांबूही शकतात, आणि आधी फारसं काही जाणवत नाही. डाळिंबाच्या जिल्ह्यात राहून डाळिंब टाळायचं म्हणजे अवघडच. पण शेजारच्या टेबलावरच्या दोघांना तरी हे सांगून ठेवलं पाहिजे: ‘मला चक्कर आली तर शहाळं पाजू नका, दवाखान्यात न्या.’ भाज्या बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकलं की त्यांतलं पोटॅशियम बरंच कमी होतं. डबा बनवणाऱ्यानं ते शिकून घ्यावं. आहाराचं बाकी गणित प्रत्येकाचं वेगळं, ते आपल्या किडनीच्या डॉक्टरांकडून आणि आहारतज्ज्ञांकडून लिहूनच घ्यावं.

आता हात. मशीनला मिनिटाला अडीचशे-तीनशे मिली रक्त लागतं. साध्या शिरेतून ते येत नाही. म्हणून मनगटाजवळ किंवा कोपरापाशी धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात, त्याला फिस्टुला म्हणतात. शीर फुगून जाड व्हायला दीड-दोन महिने, कधी त्याहून जास्त लागतात. तोवर मानेतल्या नळीवर भागवतात. नेहमी वापरतो तो हात सोडून दुसऱ्या हाताला फिस्टुला करतात, तेही कामाचा विचार करूनच. भाऊ डावखुरा आहे. हे वेळेवर सांगितलं म्हणून उजव्या हाताला झाला, नाहीतर पाना धरायचा हातच गेला असता.

फिस्टुलाच्या हातावर बोट ठेवलं की सतत थरथर लागते. कान लावला तर घरघर ऐकू येते. नव्या कारखान्यातल्या एका पोरानं कान लावून बघितलं आणि ओरडला, ‘मागावाणी वाजलालंय की बे!’ ती थरथर रोज सकाळी स्वतः तपासायची. थांबली तर त्याच दिवशी, तासाभरात डॉक्टर गाठायचा. त्या हातानं जड उचलायचं नाही, त्यावर घड्याळ किंवा घट्ट बाही नको, त्यातून रक्त काढू द्यायचं नाही, बीपी मोजू द्यायचं नाही. ईएसआयच्या नाहीतर कंपनीच्या आरोग्य तपासणीत गडबडीत त्याच हाताला पट्टा गुंडाळतात, तेव्हा तोंड उघडून ‘हा हात नाही’ म्हणायचं.

यावरून कामाची निवड आपोआप होते. सुताचे जड बीम उचलणं, गाठी वाहणं बंद. धावत्या मागाजवळ धोटा उडून लागण्याची भीती. शिवाय डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून हिपॅरिन देतात, त्याचा असर काही तास राहतो. त्या दिवशी जखम झाली तर रक्त लवकर थांबत नाही. म्हणून त्याच दिवशी कटिंगच्या मशीनवर बसवू नये. भाऊ आता चेकिंग-फोल्डिंगला आहे. बसून काम, पंखा, आठ तास. पगार जॉबरपेक्षा कमी आहे आणि ते त्याला सलतं. मागाखात्यात बारा तास उभं राहून पीसवर कमावणाऱ्याला ‘बसून टॉवेल मोजतो’ म्हणणं कमीपणाचं वाटतं. त्याला मी काय सांगणार!

थकवा हा वेगळा विषय आहे, आणि लोक त्याला आळस समजतात. डायलिसिस झाल्यावर काही जण दोन तासांत ताजे होतात, काहींना दुसऱ्या दिवशीची सकाळ उजाडावी लागते. चार तासांत रक्तातला सगळा तोल हलवलेला असतो, त्यामुळे शरीर पिळून काढल्यासारखं होतं. दुसरं कारण रक्त कमी असणं. रक्त तयार करायचा निरोप हाडांना किडनीच देत असते, एरिथ्रोपोएटिन नावाच्या द्रव्यातून. किडनी गेली की निरोप थांबतो, हिमोग्लोबिन घसरतं, जिना चढता येत नाही. त्यासाठी इंजेक्शनं आणि लोह देतात. बहुतेकांचं हिमोग्लोबिन १० ते ११.५च्या आसपास ठेवतात. कामावर ‘जमतच नाही’ असं होत असेल तर नोकरी सोडायच्या आधी हा आकडा बघा. भावाचं ७.२ होतं तेव्हा तो म्हणत होता की आपला जमाना संपला.

पैसे वाचवायला किंवा खाडा टाळायला तीनच्या जागी दोनच वेळा जाणारे खूप आहेत. बहुतेकांना ते महागात पडतं, कारण मधल्या दिवसांत पाणी आणि विष दोन्ही साठतं आणि त्या दिवसांतलं कामही धड होत नाही. तीन वेळा करणाऱ्यालासुद्धा आठवड्यात एकदा दोन दिवसांचं लांब अंतर पडतंच. सोमवार-बुधवार-शुक्रवार असेल तर शुक्रवार ते सोमवार. सर्वांत जोखमीचा काळ तोच. लग्न, हुरड्याचं आमंत्रण, गड्ड्याच्या यात्रेतली भजी हे सगळं नेमकं रविवारी येतं, हे आपलं नशीब.

आता मालकाशी बोलणं. पहिल्या वेळी भावानं आजार सांगितला होता. दुसऱ्या ठिकाणी आम्ही वेळापत्रक सांगितलं. सेंटरवर सकाळचा स्लॉट मिळेपर्यंत थांबलो, मग एका कागदावर लिहून नेलं: सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी ६ ते १० डायलिसिस, कामाची वेळ दुपारी १२ ते रात्री ८. मंगळवार, गुरुवार, शनिवार पूर्ण पाळी. सोबत डॉक्टरांचं पत्र. त्यात रोगाचा इतिहास नव्हता, चारच गोष्टी होत्या: हलकं काम करायला योग्य आहे, उजव्या हातानं वजन उचलू नये, या तीन दिवशी या वेळेत उपचार असतात, आणि हे उपचार कायमचे आहेत. शेवटची ओळ मी हट्टानं घालून घेतली. शेठनी कागद दोनदा वाचला आणि एवढंच विचारलं, ‘रात्री आठपर्यंत टिकशील ना?’

टाइम ऑफिसवाली म्हणून सांगते, मालकाला आजाराची भीती कमी असते, न सांगता पडणाऱ्या खाड्याची जास्त. कोणत्या दिवशी कोण नाही हे आधी कळलं तर मी पाळी लावू शकते. डायलिसिस म्हणजे असा आजार आहे की त्याचे खाडे महिनाभर आधी कॅलेंडरवर मांडता येतात. तापाचं तसं करता येत नाही.

कागदपत्रांत लोकांचे दोन गैरसमज हटकून असतात. पहिला, दिव्यांग दाखला मिळेल हा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता मोजली आहे, त्या यादीत किडनी निकामी होणं नाही. नुसत्या डायलिसिसवर तो दाखला मिळत नाही, त्यामुळे त्याच्या जोरावर नोकरीत सवलतही मागता येत नाही. सिव्हिलला हेलपाटे घालण्याआधी हे माहीत असावं. मला हे अन्यायाचं वाटतं, पण आज तरी तसं आहे.

दुसरा गैरसमज, राजीनामा दिला तर पीएफ मिळून सुटका होईल. राजीनामा घाईनं देऊच नका. पगारपत्रकावर ईएसआयची कपात आहे का ते आधी बघा. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी, महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्याचा ईएसआय असतो. कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. कार्ड असेल तर उपचार त्यातून होतात. साध्या आजारपणात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. त्यापुढं ३४ दीर्घ आजारांची एक यादी आहे, तिच्यात किडनी निकामी होणं आहे. दोन वर्षं सलग विम्याची नोकरी आणि ठरलेली वर्गणी भरलेली असेल तर दोन वर्षांपर्यंत ८० टक्के मिळू शकतात. पण तुमच्या वहीत नव्हे, मालकाच्या भरण्यात तुमचं नाव असलं पाहिजे. एकाच शेडमध्ये तीन नावांनी तीन कारखाने दाखवून प्रत्येकात सात-आठ माणसं, हा प्रकार आपल्या गावाला नवा नाही. म्हणून धडधाकट असतानाच आपला विमा क्रमांक मागून घ्यावा.

ईएसआय नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी या नावानं पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं, त्यामुळे इथल्या दवाखान्यांना तिची सवय आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटायचं. सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६पासून आहे, गरीब रुग्णांना तिथं फुकट होतं. नोकरदारानं मात्र योजनेत नाव घालताना एक प्रश्न न विसरता विचारावा: स्लॉट कोणता? फुकट मिळालेला दुपारी बाराचा स्लॉट रोजगाराला महाग पडतो. सकाळचा किंवा संध्याकाळचा स्लॉट मोकळा होईपर्यंत यादीत नाव लावून, दर आठवड्याला आठवण करत राहायचं. आम्हाला चार महिने लागले.

उपचाराला रेल्वेनं जावं लागत असेल तर डायलिसिसच्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला स्लीपर आणि थ्री टायर एसीत भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, डॉक्टरांचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. कामासाठी पुण्या-मुंबईला राहायचं असेल तर तिथल्या सेंटरवर आधी स्लॉट ठरवायचा आणि हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट बरोबर ठेवायचे. त्याशिवाय मशीनवर घेत नाहीत.

सेंटरच्या चकरा जमतच नसतील तर पोटाचं डायलिसिस हा दुसरा रस्ता आहे, सीएपीडी म्हणतात त्याला. पोटात एक बारीक नळी कायमची बसवतात. दोन लिटरची पिशवी पोटात सोडायची, काही तासांनी काढून नवी सोडायची, असं दिवसातून तीन-चार वेळा. दर वेळी अर्धा-पाऊण तास. मशीन नाही, सुई नाही. शिक्षक, दुकानदार, घरी विड्या वळणारी बाई, ऑफिसातला कारकून यांना हे सोयीचं पडू शकतं. पण बदलायची जागा एकदम स्वच्छ हवी, नाहीतर पोटात जंतुसंसर्ग होतो. मागाच्या शेडमध्ये, जिथं भुवयांवर कापूस बसतो, तिथं ते शक्य नाही. आम्ही विचार केला आणि सोडून दिला. रात्री झोपेत पिशव्या बदलणारं मशीनही असतं, परवडलं तर दिवस मोकळा राहतो.

नोकरीच्या दृष्टीनं सर्वांत मोठा बदल किडनी बदलल्यानंतरच होतो. शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन महिन्यांत बरेच जण कामावर परततात, गोळ्या मात्र जन्मभर. मी माझी किडनी दिली असती, पण मला शुगर आहे, डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत नाही म्हटलं. आई सत्तरीची. तेव्हा मेंदू मृत झालेल्या दात्याच्या किडनीसाठी रुग्णालयामार्फत नाव नोंदवलं आहे. सोलापूर पुण्याच्या झेडटीसीसीच्या, म्हणजे दात्यांचे अवयव वाटून देणाऱ्या विभागीय समितीच्या यादीत येतं. किडनी उपलब्ध झाली की रुग्णालयातून फोन येतो आणि काही तासांत पोचावं लागतं. फोन लागला नाही तर पुढच्या नावाला जातो.

भावाच्या कारखान्यात पाळीवर फोन लॉकरमध्ये ठेवायचा नियम आहे. त्याचा फोन मात्र फोल्डिंगच्या टेबलावर, टॉवेलांच्या थप्पीशेजारी, आवाज पूर्ण मोठा करून ठेवलेला असतो. तशी परवानगी शेठनी त्याच वेळापत्रकाच्या कागदावर खाली सही करून दिली आहे.